कुलूप आपलंच, चाबी नाही

(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण)



मला कळवलं होतं की, तू कॉम्प्युटरवाली आहेस तर कृत्रिम बुद्धिमत्तेवर दहा मिनिटं बोल. मी ‘हो’ म्हटलं आणि तयारीही केली. पण काल संध्याकाळी वाघाडीच्या पुलावरून गाडी गावात शिरली आणि ठरवलं की तो विषय बाजूला ठेवायचा. तो तुम्हाला मोबाईलवर रोजच ऐकायला मिळतो. मी आज कुलपावर बोलणार आहे. आमच्या घरच्या कुलपावर.

आधी एक खुलासा. पुण्यात मी पहिल्यांदा ‘चाबी’ म्हटलं तेव्हा होस्टेलच्या मुली हसल्या होत्या. तिकडे ‘किल्ली’ म्हणतात. वीस वर्षं मीही किल्ली म्हणते आहे. आज मात्र चाबीच म्हणणार.

आमचं घर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे. बाबा जिनिंगमध्ये हिशेबनीस होते. एकाधिकार कापूस खरेदीच्या काळात हंगामात घाटंजीच्या रस्त्यावर बैलबंड्यांची रांग लागायची ती आठवते ना? त्या दिवसांत बाबा रात्री अकराला घरी यायचे आणि कमरेचा जुडगा खुंटीला टांगायचे. त्या जुडग्याचा आवाज झाला की मी झोपायची. बाबा गेल्यावर आईला मी पुण्याला घेऊन गेले आणि घराला कुलूप लागलं. वर्षातून दोनदा येऊन झाडझूड करायची, आलेली कागदपत्रं घ्यायची, परत जायचं, असं चाललं होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मे महिना. नागपूरहून गाडी केली, यवतमाळला रसवंतीवर थांबलो, पाचच्या सुमारास घरापुढे उतरलो. ऊन अजून अंगावर येत होतं. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. पर्स उघडली तर चाबी नाही. बॅगा रस्त्यावर उलट्या केल्या. नाही. आईला विचारलं. आई म्हणाली, “मी नीट जागेवर ठेवली आहे.” कोणत्या जागेवर, ते तिला सांगता येईना. तेव्हा तिचं विसरणं सुरू होऊन वर्ष झालं होतं. आम्ही त्याला ‘वय झालं’ म्हणत होतो. डॉक्टरांनी त्याचं नाव नंतर सांगितलं.

शेजारच्या घरातली माणसं नवी होती, मी त्यांना ओळखत नव्हते. त्यांनी आईला पाणी दिलं, खुर्ची दिली, तिला आत बाथरूमला नेलं. त्यांचा मुलगा सब्बल घेऊन आला आणि म्हणाला, “कोयंडाच उपटून टाकू ना काकू, पाच मिनिटाचं काम.” पण दार बाबांनी करून घेतलेलं सागवानी. माझं मन होईना. शेवटी बाजारातून चाबीवाला बोलावला.

साठीचा माणूस. सायकलला पेटी बांधलेली. त्यानं कुलूप हातात धरून खालून-वरून पाहिलं आणि म्हणाला, “सात लिव्हरचं हाय. चांगलं हाय. तोडू नका.” मग पेटी उघडायच्या आधी त्यानं विचारलं, “घर कोनाचं व्हय हे?”

“आमचंच आहे,” मी म्हटलं.

“काई कागद?”

मी आधार कार्ड दाखवलं. त्यावर लग्नानंतरचं नाव, पुण्याचा पत्ता. आईचंही दाखवलं. तिचा पत्ताही मीच बदलून घेतला होता, पुण्याच्या दवाखान्यात उपयोगी पडावा म्हणून. चाबीवाला म्हणाला, “हे तं दोन्ही पुन्याचे हायेत, बाई.” घरपट्टीच्या पावत्या, वारसाची नोंद, बाबांच्या मृत्यूचा दाखला, सगळं होतं. कुठे? आत. कुलपाच्या आत, कपाटात, निळ्या फाईलमध्ये.

माझ्या धंद्यात हा प्रसंग रोजचा आहे. माणूस ईमेलचा पासवर्ड विसरतो, आणि पासवर्ड बदलण्याची लिंक आम्ही त्याच ईमेलवर पाठवतो. तेव्हा आम्ही त्यावर कँटीनमध्ये हसतो. त्या दिवशी हसू आलं नाही.

मी आईकडे वळले. म्हटलं, “आई, सांग ना त्यांना, आपलं घर आहे म्हणून.” आईनं घराकडे नीट पाहिलं. वर, खाली, डावीकडे. आणि म्हणाली, “हे आपलं नाही. आपल्या दारापुढे कडुनिंब आहे.”

सिमेंटच्या रस्त्याच्या वेळी तो कडुनिंब गेला होता. म्हणजे आई पूर्ण चुकली नव्हती. पण ज्या बाईच्या नावावर ते घर होतं, तीच भर रस्त्यात सांगत होती की हे माझं नाही. चाबीवाल्यानं पेटीची कडी परत लावली. मला राग आला होता, पण आज सांगते, तो माणूस बरोबर होता. तो म्हणाला, “बाई, मी उद्या कोनाच्याही दाराची चाबी बनवून देल्ली तं गावात राहू कसा?”

आता इथे मला तुम्हाला थोडं कुलपाचं पोट उघडून दाखवायचं आहे. समोर गणिताचे सर बसले आहेत, त्यांना आवडेल.

लिव्हरच्या कुलपात पातळ पट्ट्या असतात, एकावर एक. प्रत्येक पट्टीला एक खाच. चाबीचा एकेक दाता आपापली पट्टी ठरलेल्या उंचीला उचलतो. जास्त उचलली तरी अडतं, कमी उचलली तरी अडतं. साती खाचा एका रेषेत आल्या की खटका सरकतो. समजा प्रत्येक पट्टीला पाच उंच्या शक्य आहेत. मग चाब्या किती प्रकारच्या? सर, पाचाचा सातवा घात. ७८,१२५. चोरानं एकेक करून बघायचं म्हटलं तर जन्म जाईल. पण चाबीवाला एकेक करून बघत नाही. तो कोरी चाबी आत घालतो, हलकेच फिरवतो, बाहेर काढून उजेडात धरतो. जिथे पट्टी घासली तिथे बारीक ओरखडा दिसतो. तेवढंच कानशीनं घासतो, परत घालतो. प्रत्येक पट्टी आपलं गुपित वेगळं सांगते. त्यामुळे गुणाकाराचा बेरजेवर हिशेब येतो. सात पट्ट्या, प्रत्येकीच्या फार तर पाच पायऱ्या, झाले पस्तीस. अर्ध्या तासाचं काम.

ही काही आजची गोष्ट नाही. १८५१ साली लंडनच्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज नावाचा एक अमेरिकन कुलूपवाला तिथे गेला. चबचं कुलूप तेव्हा अजिंक्य समजलं जाई. कोणी छेडछाड केली तर ते स्वतःहून अडकून बसायचं, म्हणजे आजच्या ‘तीन वेळा चुकीचा पिन, कार्ड बंद’ याचं पणजोबा म्हणा. हॉब्जनं ते पंचवीस मिनिटांत उघडलं. मग ब्रामाच्या कुलपाची पाळी. ते कित्येक दशकं लंडनच्या दुकानाच्या काचेत टांगलेलं होतं. उघडेल त्याला २०० गिनी. सोळा दिवसांत मिळून एक्कावन्न तास लागले, पण उघडलं. इंग्लंडात गहजब झाला. आता कुलपावर भरवसा कसा ठेवायचा, असं लोक म्हणू लागले. चोरांना हे आधीपासून माहीत असतं, माहीत नसतं ते घरमालकालाच, हा त्यावरचा हॉब्जचा सूर.

आपल्याकडे बघायचं तर अर्देशीर गोदरेज. वकिली शिकलेला माणूस, पण खोटं बोलावं लागतं म्हणून वकिली सोडली. शस्त्रक्रियेची हत्यारं बनवायला घेतली, त्यावर देशी माल असल्याचा शिक्का हवा म्हणून अडून बसले आणि तो धंदाही गेला. मुंबईत चोऱ्या वाढल्याचं वर्तमानपत्रात वाचलं आणि १८९७ साली लालबागला एका शेडमध्ये कुलपं बनवायला लागले. १९४४ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, त्या आगीतून त्यांच्या कंपनीच्या तिजोऱ्यांतले कागद शाबूत निघाले, असा लौकिक झाला. आमच्या दारावरचं कुलूप त्यांचंच. लहानपणी मला वाटायचं, गोदरेज म्हणजेच कपाट. तुम्हालाही वाटायचं, खरं सांगा.

असो. दारात परत येते. सहा वाजून गेले होते. मी फोन काढला आणि आपल्या तुकडीच्या ग्रुपवर लिहिलं, ‘घाटंजीत कोणी आहे का? घरापुढे अडकले.’ त्या ग्रुपवर मी तोवर दिवाळीच्या शुभेच्छांपलीकडे काही लिहिलं नव्हतं. चौथ्या मिनिटाला मोटारसायकल आली. कृषी केंद्राचं शटर अर्धं ओढून, नोकराला बसवून आलेला, मागच्या बाकावरचा आपला हा मित्र. तो तिसऱ्या रांगेत बसून मान खाली घालतो आहे. नाव घेत नाही, त्यानंच बजावलं आहे. त्याच्या मागोमाग पारव्याहून परतणारी आपली एक मैत्रीण स्कूटी घेऊन आली. ती तिथे शाळेवर आहे.

चाबीवाल्यानं त्याला विचारलं, “दुकानवाले भाऊ, तुमी ओळखता यायले?”

तो म्हणाला, “ओळखतो म्हणजे? हिच्या वहीतून गणितं उतरवून मी दहावी पास झालो.”

गणिताचे सर, माफ करा. हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतं आहे.

मैत्रीण आईपाशी उकिडवी बसली. म्हणाली, “काकू, तुम्ही मला जवसाची चटणी द्यायच्या डब्यात.” आईनं तिच्याकडे पाहिलं आणि बरोबर तिच्या आईचं नाव घेतलं. घर ओळखलं नाही, पण तिच्या आईला ओळखलं. चाबीवाला ते सगळं बघत होता. त्यानं एक वही काढली. तारीख, गल्ली, माझं नाव, मित्राचं नाव आणि दुकान, मैत्रिणीचं नाव, असं लिहून घेतलं. दोघांच्या सह्या घेतल्या. मग कानस काढली. चाळीस मिनिटांत दार उघडलं. कुलूप शाबूत, वर दोन नव्या चाब्या. पैसे किती, ते सांगत नाही, कारण त्यानं इतके कमी मागितले की मलाच लाज वाटली.

मी कंपनीत नेमकं काय काम करते हे आजवर कोणी विचारलं नाही, म्हणून सांगते. लोक आपल्या खात्यात कसे शिरतात, आणि पासवर्ड विसरले तर परत कसे शिरतात, त्या भागाचे प्रोग्रॅम माझी टीम लिहिते. तो भाग आम्ही फार पक्का केला आहे. आमच्याकडे पासवर्ड साठवलेलाच नसतो, त्याचा केलेला चुरा असतो. चुऱ्यावरून पासवर्ड परत बनत नाही. आणि आमचं कुलूप त्या सात पट्ट्यांसारखं बडबडं नाही. बारा अक्षरांपैकी अकरा बरोबर असली तरी ते तसं सांगत नाही, सरळ ‘चूक’ म्हणतं. म्हणून तिथे गुणाकाराची बेरीज होत नाही. चोराच्या बाजूनं पाहिलं तर ही फार चांगली गोष्ट आहे.

मालकाच्या बाजूनं पाहा. स्टीफन थॉमस नावाच्या एका प्रोग्रॅमरची गोष्ट २०२१ साली जगभर छापून आली. त्याची ७,००२ बिटकॉइन एका छोट्या कुलूपबंद ड्राइव्हमध्ये. पासवर्ड लिहिलेला कागद हरवला. दहा चुका झाल्या की आतला मजकूर कायमचा गेला. त्याच्या आठ झाल्या होत्या. हॉब्ज नाही, चाबीवाला नाही. सगळ्या गावानं येऊन ‘हा त्याचाच आहे’ म्हणून सांगितलं तरी त्या ड्राइव्हला ऐकू येत नाही.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे कुठे बिटकॉइन? बाबांचा मोबाईल माझ्याकडे आहे. त्यात आईबाबांच्या पंढरपूरच्या वारीचे फोटो आहेत, आणि बाबांनी नातीसाठी म्हटलेल्या आरत्यांचं रेकॉर्डिंग. सहा आकडी कुलूप आहे. वाढदिवस घालून पाहिले, लग्नाची तारीख पाहिली, जिनिंगचा फोन नंबर पाहिला. आधी अर्धा मिनिट थांबायला लावतो, मग वाढवत नेतो. अजून चार्जिंग करून ठेवते. उघडला नाही. मी ज्या धंद्यात आहे त्याच धंद्यातल्या कोणीतरी, माझ्यासारख्याच कोणीतरी, ते कुलूप बनवलं आहे, आणि चांगलं बनवलं आहे. मला तक्रार करायला जागा नाही. ‘खातेदाराच्या नातेवाइकाची विनंती, पुरावा अपुरा, नामंजूर’ असे शेरे मी स्वतः मारले आहेत. त्या मेच्या संध्याकाळनंतर असा शेरा मारायच्या आधी मी एकदा खुर्चीवरून उठते, पाणी पिऊन येते. बऱ्याचदा तरीही तोच मारावा लागतो. ते पाहून टीममधली मुलं म्हणतात, मॅडमचा कडुनिंब आला.

पण गंमत बघा, सगळ्यात मोठ्या कुलपाला माणसंच लागतात. इंटरनेटवरच्या नावापत्त्यांच्या मूळ यादीवर सही करायची एक गुप्त किल्ली आहे. ती अमेरिकेत दोन ठिकाणी तिजोरीत असते, आणि प्रत्येक ठिकाणासाठी जगातून निवडलेले सात विश्वासू लोक आहेत. सातांतले निदान तीन हजर असल्याशिवाय काम होत नाही. १२ फेब्रुवारी २०२० ला कॅलिफोर्नियात हा विधी व्हायचा होता आणि तिजोरीचं कुलूपच बिघडलेलं निघालं! चक्क कुलूपवाला बोलावून ड्रिलनं तिजोरी फोडावी लागली. विधी झाला १६ तारखेला. तिजोरी त्यांचीच, जागा त्यांचीच, आणि दारात आमच्यासारखेच उभे. ही बातमी मी पुन्हा काढून वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

सातांतले तीन हे कसं जमतं, त्याचं गणित अदी शमीर यांनी १९७९ साली मांडलं, आणि त्याचं मूळ सरांच्या आलेखाच्या वहीत आहे. दोन बिंदूंतून एकच रेषा जाते. रेषा जिथे उभ्या अक्षाला कापते तो आकडा आपलं गुपित समजा. त्या रेषेवरचे पाच बिंदू पाच जणांना वाटून टाका. एकट्याच्या बिंदूतून अगणित रेषा जातात, त्याला काही कळत नाही. कुठलेही दोघं एकत्र आले की रेषा ओढली आणि गुपित मिळालं. तीन लोक लागावेत असं वाटलं तर रेषेऐवजी वक्र घ्यायचा. नववीत आम्ही ‘याचा पुढे काय उपयोग’ म्हणून कुरकुरायचो, सर.

आता व्यवहाराचं. आपण सगळे पंचेचाळीसच्या आसपास आहोत, आईवडील सत्तरीच्या पुढे. बँकेच्या लॉकरला नॉमिनी आहे का ते याच आठवड्यात बघा. लॉकरची चाबी हरवली तर बँकेकडे दुसरी नसते. अर्ज द्यायचा, लॉकर बनवणाऱ्या कंपनीचा माणूस येतो, तुमच्यादेखत ड्रिल करतो, खर्च तुमचा. आमच्या आईची सही नमुन्याशी जुळेना, अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या, मशीन घेईना. एका बँकेत चार चकरा झाल्या. नॉमिनी नोंदवलेला असेल तर मृत्यूनंतरचा दावा कागद मिळाल्यापासून पंधरा दिवसांत निकाली काढायचा, असं रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या सूचनेत होतं. शाखेत गेल्यावर आजचा नियम नम्रपणे विचारून घ्या. आणि मोबाईल: गूगलमध्ये २०१३ पासून सोय आहे की खातं अमुक महिने वापरलं नाही तर तुम्ही नेमलेल्या माणसाला आतलं मिळावं. अ‍ॅपलमध्येही २०२१ पासून वारस नेमता येतो. आपल्या शंभरातल्या पाच जणांनी तरी केलं आहे का? हात वर करा. बघा, एकच, आणि तोही माझ्याच धंद्यातला.

घरात शिरल्यावर निळी फाईल मिळाली. फाईलच्या खाली बाबांची लांब हिशेबाची वही होती. शेवटच्या पानावर त्यांच्या तिरक्या अक्षरात ‘चाब्या’ असा मथळा आणि खाली तीन ओळी. एक, स्वतःकडे. दोन, हिच्याकडे. तीन, गणिताच्या सरांकडे, पुढे तारीख.

तीन गल्ल्या पलीकडे. मी धावत गेले. सर दाराशीच बसले होते. त्यांनी आत जाऊन देवघराच्या खिळ्यावरची चाबी आणून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “तुझ्या वडिलांनी अकरा वर्षांपूर्वी दिली. कोणी मागायला आलं नाही, म्हणून होती तशी ठेवली.”

आई आता पुण्यातही घर ओळखत नाही. पण यवतमाळ, आर्णी, पांढरकवडा, घाटंजी असं क्रमानं म्हटलं की घाटंजीला मान हलवते. या वेळी तिला आणलं नाही. पुढच्या थंडीत आणणार आहे. दारापुढे रस्ता सोडून जेवढी माती उरली आहे तिथे मागच्या पावसाळ्यात कडुनिंबाचं रोप लावलं, त्याला शेजारचा मुलगा पाणी घालतो. काल पाहिलं, माझ्या खांद्याला लागलं आहे.

चाबीवाल्याकडून सकाळी आणखी दोन चाब्या करून घेतल्या. त्यानं या वेळी कागद विचारला नाही, पण वहीत मात्र लिहिलं. एक सरांच्या खिळ्यावर आहेच. दुसरी कृषी केंद्राच्या गल्ल्यात राहील, असं त्यानं परवाच कबूल केलं आहे. तिसरी माझ्या पर्समध्ये आहे, पारव्याच्या बाईंसाठी. पंगतीला बसायच्या आधी तेवढी घेऊन जा गं, नाहीतर मी परत घेऊन जाईन पुण्याला.